गाडीचीच लाइट गेली तर

गाडी चांगली चालता चालता मीटर काळा पडतो, एसी थांबतो, सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं आणि मग बोनेट उघडून चार माणसं आत बघत उभी राहतात. एक जण ‘बॅटरी गेली’ म्हणतो, दुसरा ‘ईसीएम उडाला’ (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला) म्हणतो, तिसऱ्याच्या मेहुण्याच्या गाडीला अस्संच झालेलं असतं आणि त्याला म्हणे भरपूर खर्च आलेला असतो. या चर्चेत एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: अजून चालू काय आहे? आतला दिवा लागतो का? हॉर्न वाजतो का? हेडलाइट प्रखर आहेत की पिवळट? बिघाड कुठे आहे ते बंद पडलेल्या वस्तूंपेक्षा चालू राहिलेल्या वस्तू जास्त नेमकं सांगतात. पुढचा सगळा लेख या एका सवयीबद्दल आहे.

पण आधी गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायची आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, चारोटी ते आच्छाड या पट्ट्यात गाडी चालत असताना वीज गेली तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. स्टिअरिंग एकदम जड होईल, पण वळेल. ब्रेकमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा नीट ब्रेक लागेल, म्हणून पॅडल पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. आणि किल्ली काढू नका. किल्ली निघाली की स्टिअरिंग लॉक पडू शकतं, आणि मग वळवायलाही काही उरत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि वेगाच्या जोरावर डावीकडे कडेला या. शक्य असेल तर पुलावर थांबू नका, पूल ओलांडून थांबा. चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा जीव गेला, तो अपघात विजेच्या बिघाडाचा नव्हता, पण भरधाव वाहतुकीत पूल ही थांबण्याची जागा नव्हे हे त्या ठिकाणी उभं राहिलं की कळतं.

वीज पूर्ण गेली असेल तर चारी इंडिकेटरही लागणार नाहीत. लोक हे विसरतात. त्यासाठीच डिकीत लाल परावर्तक त्रिकोण हवा, तो गाडीमागे चांगला पन्नास पावलं लांब ठेवा. आपल्याकडे झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवायची पद्धत आहे. फांद्या एक वेळ ठीक, दगड मात्र नको, कारण गाडी दुरुस्त झाली की तो दगड तिथेच राहतो आणि रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याला भेटतो. माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, बाकी कुठेही ११२.

आता बोनेट उघडायला हरकत नाही.

गाडीतली विजेची मांडणी दिसते तितकी अवघड नाही. बॅटरीचं मुख्य काम गाडी सुरू करून देण्याचं. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (आपले जुने वायरमन त्याला अजून डायनामोच म्हणतात) सगळ्या गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरीही परत भरतो. करंट प्लसच्या वायरीने जातो आणि परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीच्या मायनसवरून एक जाड केबल बॉडीला आणि एक इंजिनला बोल्टने घट्ट केलेली असते. हेच ते अर्थिंग. गाडीचं सगळं जग १२ व्होल्टचं. म्हणूनच तिथे एखाद्या सैल बोल्टवर व्होल्ट-दोन व्होल्ट अडले की गाडी आडवी होते.

आपल्या भागात हे बोल्ट आणि टर्मिनल लवकर खराब होतात. झाई, बोर्डी, घोलवड, चिखले, नरपड, डहाणू, चिंचणी अशी सगळी किनारपट्टी खाऱ्या हवेची. मिठाचा अंश असलेला दमटपणा तांब्यावर हिरवं चढवतो, लोखंडी बोल्टाखाली गंज भरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि कासा-जव्हारकडच्या रस्त्यांवरचे खड्डे. मुंबईहून आलेल्या माणसाला वाटतं बॅटरी गेली. इथल्या गाडीत आधी संशय घ्यावा तो जोडांचा.

म्हणून पहिली परीक्षा अशी. हेडलाइट लावा, कोणाला तरी समोर उभं करा आणि सेल्फ मारा. दिवे आधी चांगले होते, पण सेल्फ मारताच पार विझले आणि सोडल्यावर हळूच परत आले, तर बहुतेक टर्मिनल सैल आहे किंवा अर्थिंग खराब आहे. थोडा करंट जाण्याएवढी वाट आहे, जास्त मागितला की बंद. दिवे मंद होत गेले आणि इंजिन ‘घर्र... घर्र’ असं दमल्यासारखं फिरलं, तर बॅटरी उतरली आहे. दिवे प्रखरच राहिले आणि इंजिनाने हूं की चूं केलं नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फचा रिले, सेल्फची वायर, क्लच पॅडलचा स्विच किंवा खुद्द सेल्फ मोटर यांपैकी काहीतरी आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे ना हे आधी बघा, ब्रेकवर पाय आहे ना हेही बघा. हसू नका, अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर हे लक्षात आलेली माणसं पुष्कळ असतात.

टर्मिनल तपासायला दहा नंबरचा पाना पुरतो. बहुतेक गाड्यांत तोच लागतो आणि नेमका तोच डिकीत नसतो. इंजिन बंद ठेवून टर्मिनल हाताने फिरवून बघा. हाताने हललं तर ते सैल आहे, यात मतभेदाला जागा नाही. घट्ट करा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी मायनसची केबल काढा, मग प्लसची, आणि लावताना उलट क्रमाने, मायनस शेवटी. असं का? मायनस लावलेलं असताना प्लसवरचा पाना पत्र्याला टेकला तर तिथेच ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकून भुकटी धुवा, सोडा बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका, कोरडं पुसा, सँडपेपरने घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. व्हॅसलीन जोडाच्या आत नाही, बाहेरून. मायनस केबलचं दुसरं टोक विसरू नका. ते बॉडीवर किंवा इंजिनच्या गिअरबॉक्सवर जिथे बोल्टने धरलंय तिथे, किनाऱ्यावरच्या गाड्यांत, रंगाखालून गंज फुगलेला असतो.

मल्टीमीटर असेल तर काम अंदाजाचं राहत नाही. चारचाकी बाळगणाऱ्याने तो घ्यावाच असं माझं मत आहे. साधा मीटर महाग नसतो आणि वायरमनशी बोलताना त्याचा आधार मोठा. गाडी तीन-चार तास बंद राहिल्यावर बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे किंवा पुरती उतरलेली. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू असून आकडा १२.५ च्या खाली सरकत चालला असेल तर अल्टरनेटर भरत नाहीये. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम कमी-जास्त भरतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका, दिवे आणि पंखा लावून थोडा वेळ बघा. आणि अर्थिंगची खरी परीक्षा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर करंट परत येताना अडतोय. नवी बॅटरी टाकूनही गाडी सुरू होत नाही म्हणून रडणाऱ्यांनी ही एक चाचणी आधी केली असती तर बरं झालं असतं.

चालत्या गाडीत मीटरवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं तर गोष्ट वेगळी आहे. ते चिन्ह बॅटरी खराब आहे असं सांगत नाही, भरणं थांबलं आहे असं सांगतं. त्यानंतर गाडी साठलेल्या विजेवर चालते. आधी वायपर जड होतात, मग स्टिअरिंगचा आणि एबीएसचा दिवा येतो, गाणी थांबतात, शेवटी इंजिन. आता किती चालवता येईल? त्याआधी तापमानाचा काटा बघा. अल्टरनेटरचा पट्टा तुटला असेल तर अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो, आणि मग पाच-सात मिनिटांत इंजिन तापून हेड बसेल. काटा वर चढला की लगेच बंद. पट्टा शाबूत असेल आणि दिवस असेल, तर एसी, पंखा, गाणी, फोनचं चार्जिंग सगळं बंद करून तलासरीहून चारोटी गाठणं बहुधा जमतं. रात्री पावसात, हेडलाइट आणि वायपर लावून, ‘मनोरपर्यंत तर जाऊ’ असा विचार करू नका. मध्ये कुठेही इंजिन बंद करू नका, परत सुरू होणार नाही.

या अवस्थेत एक जुना सल्ला हमखास मिळतो: इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढून बघ, गाडी बंद पडली तर डायनामो गेला. पद्मिनी-अॅम्बेसेडरच्या जमान्यात हे चालून गेलं. आजच्या गाडीत चालत्या अल्टरनेटरवरून बॅटरी सोडवली की व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं आणि ज्या ईसीएमची एवढा वेळ भीती वाटत होती तो खरंच उडतो. कोणी हात पुढे केला तर अडवा.

जंप केबल लावतानाही तेवढीच काळजी. क्रम असा: लाल केबल बंद गाडीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला, काळी केबल चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर. पाच मिनिटं चांगली गाडी चालू ठेवा, मग सेल्फ. महामार्गावर मदतीला बहुधा ट्रकवाले धावून येतात, मोठ्या मनाने येतात, पण ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ती केबल तुमच्या १२ व्होल्टच्या गाडीला लागली तर उरलंसुरलंही जाईल. ट्रकवाल्याकडून पाणी घ्या, टोचनचा दोर घ्या, करंट घेऊ नका. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत, आणि तोही बॅटरीत थोडा जीव असेल तरच. आजच्या इंजिनाला इंजेक्शन आणि पंप चालवायलाच वीज लागते, बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून दम फक्त ढकलणाऱ्यांना लागतो.

एकच वस्तू बंद पडली असेल तर प्रकरण सोपं. फक्त वायपर, फक्त हॉर्न, फक्त काचा. फ्यूज बघा. एक पेटी बहुतेक स्टिअरिंगखाली असते, एक बोनेटमध्ये, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो. फ्यूजचा रंग त्याची ताकद सांगतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आतली तार तुटलेली दिसली तर त्याच रंगाचा दुसरा टाका. तोही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, कुठेतरी वायर पत्र्याला टेकलेली आहे. लालच्या जागी हिरवा टाकणं, चांदीचा कागद गुंडाळणं, तारेचा तुकडा लावणं, हे उपाय आग लावण्याचे आहेत. फ्यूज शाबूत असेल तर रिलेवर या. हॉर्नचा आणि दुसऱ्या कशाचा तरी रिले बहुधा एकाच नंबरचा असतो, दोघांची अदलाबदल करून बघा. दोष रिलेबरोबर हलला तर चोर सापडला.

वाडीत उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. चिकूच्या झाडांखाली, पालापाचोळ्यात आठवडाभर उभी गाडी म्हणजे उंदरांना कोरडं, उबदार घर, विशेषतः पहिल्या पावसानंतर त्यांची बिळं भरली की. कुरतडलेल्या वायरींचा बिघाड वेडावाकडा असतो: आज एबीएसचा दिवा, उद्या गाडी सुरूच नाही, परवा सगळं ठीक. बोनेट उघडल्यावर लेंड्या, चिकूच्या साली, कुरतडलेला फोम दिसला तर आधी वायरी बघा, मग पैसे खर्च करा. तंबाखूच्या पुड्या आणि डांबरगोळ्या ठेवणारे ठेवतात, माझा त्यांवर फारसा विश्वास नाही. रात्री बोनेट उघडं ठेवून आत छोटा दिवा लावणं, गाडी दोन दिवसांआड हलवणं आणि खाली तारेची जाळी बसवून घेणं याचा उपयोग जास्त. कुरतडलेली वायर काळ्या टेपने गुंडाळून भागवू नका. इथल्या दमटपणात टेप सुटते आणि आत हिरवं चढतं. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवून घ्या.

उभ्या गाडीची बॅटरी आठवड्यात उतरत असेल आणि उंदीर नसतील, तर बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे बघा. जीपीएस, डॅश कॅमेरा, मोठा हॉर्न, जास्तीचे एलईडी दिवे, म्युझिक सिस्टिम. गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट लागायला हवा. वायरमनला अॅमीटर लावून एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघायला सांगा. ज्या फ्यूजला पडला त्या वाटेवर गळती.

पावसात पाणी भरलेल्या रेल्वेखालच्या बोगद्यातून गाडी घालू नका, इतकंच. पाणी आत शिरून गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, बॅटरीचं मायनस सोडवा आणि टोचन करून आणा. मग पुढचे काही दिवस कनेक्टर उघडून वाळवण्याचे.

उन्हाळ्यात चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला चारोटीजवळ रांगा लागतात, तेव्हाही बॅटऱ्या मरतात. गाडी जागेवर चालू, एसी पूर्ण, रेडिएटरचा पंखा अखंड, आणि इतक्या कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर पुरेसं देत नाही. बॅटरीला पावसापेक्षा उष्णता जास्त मारते, तीन-चार वर्षं झालेली बॅटरी एप्रिलमध्येच तपासून घ्यावी.

एक धोका लोकांच्या लक्षातच येत नाही: किल्लीचा जुडगा. २०१४ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्टसह सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण इग्निशन स्विच सैल होता. जड जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायच्या नाहीत. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला. तुमच्या गाडीत दोष नसेलही, पण घराची, वाडीच्या फाटकाची, पंपघराची आणि दुकानाची अशा सगळ्या किल्ल्या इग्निशनला लटकवत असाल तर स्विच झिजतोच. गाडीची किल्ली वेगळी ठेवा. खड्ड्यात वीज जाते आणि किल्ली हलवली की येते, अशी तक्रार असेल तर स्विच बघायला सांगा. बटनवाल्या गाडीत किल्लीतला सेल संपला तरी गाडी मेल्यासारखी वागते. रिमोट बटनाला चिकटवून दाबा, बऱ्याच गाड्यांत चालतं. दार उघडायला रिमोटच्या आत खरी किल्ली लपलेली असते, ती आजच काढून बघा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही सुटका नाही. मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी १२ व्होल्टची उतरली तर गाडी जागी होत नाही. ती बदलता येते. नारिंगी केबलना मात्र हात लावू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगू नका. काय आधी बंद झालं, काय चालू राहिलं, खड्ड्यात झालं की पावसात, बॅटरीवर किती व्होल्ट होते, फोनवर काढलेला मीटरवरच्या दिव्यांचा फोटो, हे द्या. ईसीएम किंवा अल्टरनेटर बदलायला सांगितलं तर चाचणीचा आकडा विचारा, आणि जुना भाग परत मागा. बॅटरी घेताना स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला साधी बॅटरी बसवू देऊ नका, जुन्या बॅटरीची किंमत बिलातून वजा करून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर तारखेचा शिक्का मारून त्याचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. ती शाई वर्षभरात पुसट होते आणि दावा करायची वेळ आली की दुकानदार शिक्का दाखवा म्हणतो.